तांबेऱ्याला टिकणारी ड्युरम लाईन, पण दाण्यात कॅडमियम जास्त. लाईन सोडून द्यावी का?

कुसळ

नमस्कार मंडळी,

मी पीक पैदास विषयात पीएच.डी. करते आहे. काम ड्युरम म्हणजे बन्सी गव्हावर, विषय काळा तांबेरा या खोडावरच्या बुरशीजन्य रोगाची प्रतिकारक्षमता. आमच्या संकरातली मादी भरघोस उत्पादनाची, पण तांबेऱ्याला लगेच बळी पडणारी. नर एसआर-२ हे जनुक असलेला, उत्पादनाला बेताचा, पण शेवटपर्यंत हिरवा राहणारा. त्यातून निघालेल्या एफ-६ (सहाव्या पिढीतल्या) लाईनपैकी एक फार चांगली आहे. तिला इथे ‘क’ म्हणते. रोगाच्या प्लॉटमध्ये चारी बाजूंनी मोरोक्को हा रोग सहज धरणारा वाण पेरलेला असतो. त्याची खोडं फुटून हाताला विटकरी भुकटी लागते, तेव्हाही ‘क’वरची नोंद २०एमआरच्या (रोग २० टक्के, लाईन मध्यम प्रतिकारक) पुढे गेलेली नाही. दाणा टपोरा, अंबरी, टणक.

अडचण वेगळीच निघाली. दाण्यातलं जस्त आणि लोह मोजायला नमुने दिले होते. आयसीपी-एमएस या धातूंचा अंश मोजणाऱ्या यंत्राच्या अहवालात कॅडमियम या विषारी धातूचाही रकाना आला. ‘क’चा आकडा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने गव्हासाठी ठरवलेल्या ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो या मर्यादेच्या वर आहे. त्याच प्लॉटमधल्या काही भगिनी लाईन मात्र बऱ्याच खाली आहेत.

विभागात दोन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, प्रतिकारक्षमता देणाऱ्या नराकडूनच हे आलं, तेव्हा ‘क’ बाजूला ठेवा. दुसरा गट म्हणतो, प्लॉटच्या एका अंगाला सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा पाट आहे, दोष मातीचा आहे, पैदासकाराने त्यात पडू नये. माझा जीव या लाईनमध्ये अडकलाय हे खरं, पण जे खाऊन लोकांच्या मूत्रपिंडात कॅडमियम साठेल असा वाण मला पुढे न्यायचा नाही. रोगप्रतिकार आणि कॅडमियम यांचा आनुवंशिक संबंध असू शकतो का? आणि हे मातीमुळे की वाणामुळे, हे ठरवायचं कसं?

तांबेरानोंद

आधी तांबेऱ्याची बाजू पक्की करून घ्या, कारण सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे.

एसआर-२ रोपावस्थेत दिसत नाही. रोपांवर चाचणी केली तर एसआर-२वाली लाईन सरळ बळी पडलेली दिसते. पीक मोठं झालं की फरक कळतो: फोड लहान, संख्येने कमी, आणि बहुतेक पेऱ्याच्या आसपासच. ‘क’ची रोपंही स्वच्छ राहत असतील, तर तिच्यात आणखी एखादं जनुक आहे. ड्युरममध्ये एसआर-१३ बऱ्याचदा सापडतं, ते तपासा. एसआर-२सोबत पेऱ्याखाली आणि तुसांवर काळपट डाग येतात. गरम हवेत ते जास्त गडद होतात आणि नवखा नोंद घेणारा त्यांना रोग समजून टक्केवारी वाढवतो. उलट काही लाईनमध्ये जनुक असूनही हा काळपटपणा जेमतेम दिसतो. त्यामुळे डागावरून जनुक ठरवू नका, मार्कर (जनुकाची डीएनएतली खूण) लावा.

आणखी एक. एकट्या एसआर-२वर भिस्त ठेवू नका. रोगाचा जोर वाढला की ते एकटं पुरत नाही. दुसऱ्या टोकाला एसआर-३१ आठवा. राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) हिच्या गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर आलेलं हे जनुक कित्येक वर्षं जगभरच्या वाणांत होतं आणि काळ्या तांबेऱ्याची काळजी मिटली असं मानलं जात होतं. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारी बुरशी सापडली, १९९९ मध्ये तिची ओळख पटवून नोंद झाली आणि तिला यूजी-९९ नाव पडलं. म्हणून ‘क’मध्ये नेमकं काय काय आहे हे कळणं महत्त्वाचं. कॅडमियमचं मला फारसं कळत नाही, ते जाणकारांनी सांगावं.

सामू_सात

मी माती आणि वनस्पती विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत काम करतो. ‘मातीमुळे की वाणामुळे’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच अहवालात आहे. एकाच प्लॉटमध्ये काही लाईन वर आणि काही खाली असतील, तर वाणाचा हात नक्की आहे. फक्त एक खात्री करा. ‘क’ची ओळ पाटाकडच्या कडेला होती का? पाटाच्या पाण्यातला गाळ कडेलाच जास्त बसतो. प्रत्येक पुनरावृत्तीत (त्याच लाईनी परत पेरलेल्या तुकड्यात) ‘क’ कुठे होती ते नकाशावर बघा. सगळ्या जागी तिचा आकडा वरच असेल, तर जागेचा प्रश्न मिटला.

आता मातीचा नमुना. संपूर्ण प्लॉटचा एक मिश्र नमुना घेऊन भागणार नाही. प्रत्येक छोट्या प्लॉटमधून, वरच्या १५ सेंमी थरातून, वेगळा नमुना घ्या. आम्लात विरघळवून काढलेलं एकूण कॅडमियम एक गोष्ट सांगतं, डीटीपीए या द्रावणाने निघणारं दुसरी. पिकाला किती मिळणार याच्या जवळ दुसरा आकडा जातो. सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब मोजाच. सामू उतरला की कॅडमियम मातीच्या कणांवरून सुटतं आणि मुळांना सापडतं.

क्लोराइड मोजायला बरेच जण विसरतात. कॅडमियम क्लोराइडशी जोडी करून द्रावणात राहतं आणि मुळांपर्यंत सहज पोहोचतं. पाणी खारट असेल किंवा पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) टाकलं असेल, तर मातीतलं एकूण कॅडमियम तेवढंच राहूनही दाण्यातलं वाढू शकतं. स्फुरदाच्या खताचाही विचार करा. गाळाच्या खडकातून काढलेल्या फॉस्फेटमध्ये अग्निजन्य खडकातल्या फॉस्फेटपेक्षा साधारणपणे बरंच जास्त कॅडमियम असतं आणि वर्षानुवर्षं टाकलेल्या खतातून ते मातीत साचत जातं. म्हणून सगळं खापर पाटावर फोडण्याआधी खतांचा इतिहास काढा.

नमुना हाताळतानाची काळजी: दाणे डीआयोनाइज्ड पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर ओंबीवरची धूळही मोजली जाते. पितळी चाळणी आणि जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं वापरू नका, कारण जस्ताबरोबर कॅडमियमचा अंश असतो. दर बॅचमध्ये प्रमाणित गव्हाच्या पिठाचा एक नमुना घालायला सांगा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं १५६७ मालिकेतलं पीठ त्यासाठीच असतं. त्याचा आकडा प्रमाणपत्राशी जुळला नाही, तर त्या बॅचच्या बाकी आकड्यांवर विसंबू नये. ०.२च्या आसपासची लाईन ठेवायची की सोडायची हे दुसऱ्या दशांशावर ठरत असेल, तर ही काळजी घ्यायलाच हवी.

पैदासवही

कुसळ, ‘क’ सोडू नका. आणि नराला दोषी ठरवण्याआधी त्याचा आकडा तर बघा. तुमच्या प्रश्नात ना नराच्या दाण्यातलं कॅडमियम आहे, ना मादीच्या. दोघांचा दाणा त्याच प्लॉटमधून घेऊन मोजल्याशिवाय विभागातला हा वाद कितीही दिवस चालेल.

मी ड्युरमच्या पैदाशीतच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ड्युरम साध्या गव्हापेक्षा दाण्यात जास्त कॅडमियम साठवतो. ड्युरमच्याही वाणावाणांत मोठा फरक असतो आणि त्यातला बराचसा फरक एकाच जागी आहे: ५बी गुणसूत्राच्या लांब भुजेवरचं सीडीयू-१. कॅनडातल्या पैदासकारांनी १९९० च्या दशकातच दाखवलं होतं की ‘कमी कॅडमियम’ हा गुण एकाच प्रभावी जनुकासारखा पुढच्या पिढीत उतरतो. २०१९ मध्ये स्वेवो या इटालियन ड्युरम वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या जागी नेमकं काय आहे तेही उलगडलं. तिथे एचएमए-३ कुळातलं एक जनुक आहे. त्याचं प्रथिन मुळाच्या पेशीत, व्हॅक्युओल या साठवणीच्या पिशवीच्या पडद्यावर बसतं आणि पेशीत शिरलेलं कॅडमियम व्हॅक्युओलमध्ये ढकलतं. तिथे गेलेलं कॅडमियम मुळातच अडकून राहतं. जास्त कॅडमियमवाल्या वाणांत या जनुकात १७ बेसची (डीएनएच्या अक्षरांची) जादा पुनरावृत्ती झालेली आहे. त्यामुळे प्रथिनाची जुळणी मध्येच थांबते आणि पंप बनतच नाही. मग कॅडमियम मोकळेपणाने झायलेममध्ये (पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत) चढतं, पानाखोडात जातं आणि दाणे भरताना तिथून ओंबीत उतरतं. पंप चालू असलेल्या लाईनमध्ये दाण्यातलं कॅडमियम साधारण निम्म्यावर येतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एसआर-२ आहे ३बीच्या आखूड भुजेवर, सीडीयू-१ आहे ५बीच्या लांब भुजेवर. दोन वेगळी गुणसूत्रं. त्यामुळे प्रतिकारक्षमतेला धरून कॅडमियम आलं, हे या जोडीत संभवत नाही. एसआर-१३ निघालं, तरी ते ६ए वर आहे, तेही सुटं. तुमच्या संकरात दोन्ही गुण स्वतंत्रपणे वाटले गेले असणार. ‘क’ला एकाची चांगली बाजू मिळाली, दुसऱ्याची वाईट. एवढंच.

तरी ज्यांनी शंका काढली त्यांची शंका मला रास्त वाटते. नको असलेलं काही प्रतिकारक जनुकाला चिकटून येतं, हा गव्हातला जुना अनुभव आहे. एसआर-३१ ज्या राईच्या तुकड्यावर होतं, त्याच्याबरोबर कणीक चिकट होण्याचा दोषही आला. कधी कधी चांगलंही चिकटून येतं. रानटी खपली गव्हाकडून ६बीच्या आखूड भुजेवर आलेलं वायआर-३६ पिवळ्या तांबेऱ्याला आळा घालतं आणि त्याच्या अगदी शेजारी जीपीसी-बी१ आहे, जे दाण्यातलं प्रथिन, जस्त आणि लोह वाढवतं. तुम्ही खनिजं मोजता आहात, तेव्हा नराच्या वंशावळीत रानटी खपली आहे का ते जरूर पाहा. पानं लवकर पिकवून त्यातलं द्रव्य दाण्यात ओतणं हेच जीपीसी-बी१चं काम. मुळातून वर आलेलं कॅडमियम त्या ओघात दाण्याकडे किती सरकतं, हे तुमच्याच लाईनमध्ये पाहण्यासारखं आहे. अशा लाईनमध्ये पंप चालू असणं मला दुप्पट महत्त्वाचं वाटतं.

मला या विषयाची इतकी तळमळ का, तेही सांगते. तांबेरा डोळ्यांना दिसतो. प्लॉटसमोर उभं राहिलं, शेवटचं पान उलटून पाहिलं, खोडावरून बोट फिरवलं की नोंद होते, आणि ज्याची नोंद होते त्याचीच निवड होते. कॅडमियम तसं दिसत नाही. दाणा वर गेलेल्या लाईनचं पानही पिवळं पडत नाही, वाढ खुंटत नाही, उत्पादन घटत नाही. गव्हाला त्रास व्हायला जेवढं कॅडमियम लागतं, त्याच्या कितीतरी आधी दाणा माणसासाठी मर्यादेबाहेर जातो. ते कळायला दाणा दळून, नायट्रिक आम्लात विरघळवून यंत्रात घालावा लागतो. त्यामुळे ज्या पिढीत हजारो रोपं असतात आणि निवडीला खरा वाव असतो, त्या पिढीत कोणी हे मोजत नाही. मोजलं जातं ते शेवटी, हातात मोजक्या लाईन उरल्यावर, जसं तुमच्याकडे झालं. माणसाच्या मूत्रपिंडातलं कॅडमियम निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. गहू रोज पोटात जातो. म्हणून कॅडमियमची चाळणी पैदाशीच्या सुरुवातीलाच लागली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी मार्कर आहे. सीडीयू-१बरोबर जाणारा यूएसडब्ल्यू-४७ हा मार्कर २०१० पासून वापरात आहे आणि पानाच्या तुकड्यावर चालतो. आधी मादी, नर आणि ‘क’ या तिघांवर लावा. दोन्ही पालकांत बिघडलेलंच रूप निघालं, तर भगिनी लाईन चाळून उपयोग नाही, कमी कॅडमियमचा तिसरा पालक आणावा लागेल. मात्र ज्या अर्थी काही भगिनी खूप खाली आहेत, त्या अर्थी एका पालकात पंप शाबूत असावा असा माझा कयास आहे.

मातीआधी

पैदासवहींचं लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरी मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. कमी कॅडमियमचा वाण आला की माती बिघडवणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. दाणा मर्यादेत आहे ना, मग पाट बंद करायची घाई कोणाला? जपानात जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीचं कॅडमियम भाताच्या खाचरांत उतरलं, माणसांची हाडं ठिसूळ झाली, आणि १९६८ मध्ये सरकारने इटाई-इटाईला प्रदूषणातून झालेला आजार म्हणून मान्यता दिली. पुढे त्या शेतांच्या मातीचा वरचा थर बदलण्याचं काम तीन दशकांहून जास्त चाललं. कॅडमियम कुजत नाही, उडून जात नाही. वाणाच्या मुळात अडलेलं कॅडमियम मुळं कुजली की परत मातीतच. मग पैदाशीने नक्की काय सुटलं?

पैदासवही

मातीआधी, माती स्वच्छ राहिलीच पाहिजे यात दुमत नाही. कमी कॅडमियमचा वाण माती शुद्ध करत नाही हेही तुम्ही बरोबर सांगितलंत. तो फक्त दाणा वाचवतो.

पण प्रदूषण थांबलं की ड्युरममधला कॅडमियमचा प्रश्न संपेल, हे मला मान्य नाही. कॅनडात ही पैदास सुरू झाली ती कारखान्यांच्या शेजारी नव्हे. तिथल्या प्रेअरी या गवताळ मैदानांच्या मातीत मूळ खडकातूनच आलेलं थोडं कॅडमियम आहे आणि तेवढ्यावरही जुन्या ड्युरम वाणांचे दाणे वर जात होते. तिथल्या स्ट्राँगफिल्डसारख्या वाणांत कमी कॅडमियमचं रूप मुद्दाम आणलं गेलं आणि ड्युरमच्या निवडीत तो नेहमीचा निकष होऊन बसला. जिथे पाट नाही, खाण नाही, तिथल्या शेतकऱ्याला आणि खाणाऱ्याला वाणाशिवाय दुसरा चटकन हाती येणारा उपाय कुठला सांगणार?

मातीवरच्या उपायांनाही दुसरी बाजू असते आणि ती आम्हा रोगवाल्यांना दिसते. सामू वाढवायला चुना टाकला की कॅडमियम बांधलं जातं, चांगलंच आहे. पण गव्हाच्या मुळांना काळं करणारा टेक-ऑल हा रोग चुना टाकलेल्या जमिनीत जास्त फोफावतो. क्लोराइडचं याच्या उलट. सामू_सात यांनी म्युरेट ऑफ पोटॅशबद्दल सांगितलं ते खरं आहे, आणि त्याच क्लोराइडने गव्हातला टेक-ऑल आणि काही पानावरचे रोग कमी होतात असं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे रोगासाठी जे खत फायद्याचं, तेच दाण्यातलं कॅडमियम चढवू शकतं. रोगाचा प्रयोग एका शेतात आणि दाण्याची तपासणी दुसऱ्या शेतातल्या नमुन्यावर केली, तर ही ओढाताण कोणाच्या नजरेलाच पडणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की रोगाच्या प्लॉटमधल्या मातीचा सामू, क्लोराइड आणि डीटीपीए कॅडमियम हे तिन्ही आकडे तांबेऱ्याच्या नोंदवहीतच, त्याच पानावर लिहावेत.

कुसळ, याच ओघात तुम्हाला एक विनंती. लाईनची तुलना करायला कुंडीत कॅडमियमचं मीठ घालून प्रयोग करायची सूचना कोणीतरी करेलच. असे प्रयोग छापून येतात, त्यात किलोमागे ५०-१०० मिलिग्रॅम कॅडमियम घातलेलं असतं. एरवीच्या शेतजमिनीत ते बहुधा १ मिलिग्रॅमच्याही खाली असतं. इतक्या मोठ्या मात्रेत मुळंच होरपळतात आणि तुम्ही मोजता ती विष सोसण्याची ताकद. दाण्यात कमी जाणं हा गुण वेगळा. शेतातल्या मातीवर, दोन वेगळ्या सामूंच्या जमिनींत तुलना करा.

कुसळ

ताई, सर, सगळ्यांचे आभार. बराच काळ गेला, पण आता हातात काहीतरी आहे म्हणून लिहिते.

मार्कर लावला. बिघडलेलं रूप मादीकडचं निघालं! ज्या नरावर सगळे बोट दाखवत होते, त्याच्यात पंप शाबूत आहे आणि त्याच्या दाण्यातलं कॅडमियमही खाली आहे. ‘क’ने ५बीचा तो भाग मादीकडून घेतलाय. नकाशाही पाहिला. ‘क’ एका पुनरावृत्तीत पाटाकडे होती, बाकीच्या ठिकाणी आत. आकडा सगळीकडे वरच. पाटाकडच्या मातीत डीटीपीए कॅडमियम जास्त आहे हे खरं, आणि तिथे सगळ्याच लाईन थोड्या वर सरकल्यात, पण त्यांचा आपसातला क्रम बदललेला नाही. ते पाणी प्लॉटला घेणं आम्ही बंद केलंय आणि मातीचे आकडे लेखी कळवलेत.

रोपावस्थेत ‘क’ बळी पडली, म्हणजे तिच्यात प्रौढ अवस्थेतलीच प्रतिकारक्षमता आहे. एसआर-१३ नाही.

आता पेच असा. भगिनी लाईनपैकी एक, तिला ‘ट’ म्हणते, कॅडमियमला खाली आणि उत्पादनाला ‘क’च्या तोडीची आहे, पण तांबेऱ्यात ४०एमएसपर्यंत (रोग ४० टक्के, मध्यम बळी पडणारी) जाते. तिच्यातही एसआर-२चा मार्कर येतो. मग ‘क’ तिच्यापेक्षा सरस का? आणि पुढे ‘ट’ घ्यावी, की ‘क’ परत नराशी बॅकक्रॉस करावी?

तांबेरानोंद

दोघींत एसआर-२ असून एवढा फरक आहे, तर ‘क’मध्ये लहान परिणामाची आणखी जनुकं आहेत. प्रौढ अवस्थेतली प्रतिकारक्षमता अशीच चार-पाच छोट्या जनुकांच्या बेरजेतून उभी राहते. ती एका मार्करवर पकडता येत नाही, प्लॉटमध्येच दिसते. एलआर-४६ तपासायला हरकत नाही. ते १बी वर आहे, ड्युरममध्ये असतं आणि काळ्या तांबेऱ्यावरही थोडा परिणाम करतं.

पैदासवही

बातमी वाचून फार बरं वाटलं. पाटाचं पाणी थांबवलंत आणि लेखी कळवलंत, हे तर उत्तमच.

नराशी बॅकक्रॉस केला, तर त्याचा उत्पादनातला कमकुवतपणा परत आत येईल. ‘क’ आणि ‘ट’ यांचाच संकर करा. दोघी एकाच घरातल्या, बहुतेक चांगले गुण दोघींत आधीच पक्के असणार. मुख्यतः फुटतील ते ५बीचा भाग आणि तांबेऱ्याची ती छोटी जनुकं. एसआर-२ दोघींत आहे, त्यामुळे ते सगळ्या संततीत राहील, त्यावर मार्करचा खर्च नको.

एफ-२चे दाणे हातात आले की सगळे पेरू नका. दाण्याची शेंडीकडची बाजू, म्हणजे जिकडे कोंब नसतो ती, ब्लेडने कापून घ्या. त्या अर्ध्या तुकड्यातून डीएनए निघतो आणि कोंबाचा अर्धा भाग ओल्या कागदावर व्यवस्थित उगवतो. फक्त बुरशीनाशक लावायला विसरू नका, कापलेली बाजू लगेच बुरसते. मार्कर लावून कमी कॅडमियमचं रूप दोन्ही प्रतींत असलेले दाणे निवडा. ते चारात एक मिळतील. तुमचा मार्कर एक प्रत आणि दोन प्रती यांत फरक दाखवत नसेल, तर एफ-३ मध्ये कुटुंब तपासून खात्री करावी लागेल. या टप्प्यावर तांबेऱ्यासाठी निवड करू नका, एकेका झाडावरची नोंद फसवी असते. निवडलेल्या चौथाईतलं शक्य तेवढं सगळं पुढे न्या. लहान परिणामाची जनुकं एकत्र यायची तर संख्या हवी. चाळीस-पन्नास दाण्यांवर हे काम भागवू नका, काही शे दाणे कापायची तयारी ठेवा.

तुमच्याकडे दिव्यांची खोली असेल तर वेळ वाचेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पीड ब्रीडिंगच्या पद्धतीत २२ तास उजेड देऊन वसंत गव्हाच्या आणि ड्युरमच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या काढल्या आहेत. एफ-४पर्यंत तिथे एकेक दाणा घेऊन पळवा, मग ओळींनी रोगाच्या प्लॉटमध्ये आणा. मोरोक्कोच्या मध्ये ‘क’, ‘ट’, नर आणि मादी चौघांनाही तुलनेसाठी दर वेळी पेरा. २०एमआर किंवा त्याखाली राहिलेल्या ओळींचाच दाणा आयसीपीला पाठवा, आणि अहवालातलं जस्त सोडू नका. एचएमए-३ मुख्यतः कॅडमियम अडवतं, तरी निवडलेल्या ओळींत जस्त घसरलं नाही ना, हे तुमच्या आकड्यांतून दिसलं पाहिजे. तुम्ही नमुने मुळात त्यासाठीच दिले होते.

भुशाचे नमुनेही ठेवा. गव्हात दाण्यापेक्षा काडात कॅडमियम जास्त असतं आणि ते काड जनावरांपुढे जातं. ‘क’ आणि ‘ट’च्या काडातला फरक मोजलात, तर पंप मुळातच अडवतोय याचा तुमच्या स्वतःच्या शेतातला पुरावा मिळेल आणि प्रबंधातलं ते प्रकरण भक्कम होईल. संकरासाठी ‘ट’ मादी ठेवा. तांबेरा येण्याआधी तिच्या ओंबीतले पुंकेसर काढून निर्बीजीकरण करून घ्या, आणि दोघींच्या ओंब्या एकाच वेळी निघत नसतील तर ‘क’ दोन तारखांना पेरा.

कुसळ

‘क’ची ओंबी उशिरा निघते, आठवडाभर तरी. तेव्हा ‘क’ आधी आणि ‘ट’ दोन टप्प्यांत पेरते. अर्ध्या दाण्याची पद्धत आमच्या प्रयोगशाळेत कोणी केलेली नाही, जुन्या एफ-६ दाण्यांवर आधी हात बसवून घेते. सामू_सात सर, काडाच्या नमुन्याला आम्ल किती लागतं आणि तो धुवायचा कसा, एवढं सांगाल का?

सामू_सात

काड दोनदा नळाच्या आणि दोनदा डीआयोनाइज्ड पाण्याने धुवा, खालची मातीला टेकलेली दोन पेरी कापून टाका आणि ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. स्टीलऐवजी सिरॅमिक पात्यांच्या यंत्रात दळता आलं तर उत्तम. अर्ध्या ग्रॅमला तीव्र नायट्रिक आम्ल ८ मिली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड २ मिली, मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये. काडात सिलिका असते, तळाला पांढरा गाळ राहिला तर घाबरू नका, गाळून घ्या. रिकामी ब्लँक नळी दर बॅचला दोन ठेवा.